जिवाला जपा

हृदयरुग्णाला घरी सोडतात त्या दिवशी त्याच्या कानावर सगळ्यांत जास्त वेळा पडणारे शब्द हेच. वॉर्डातल्या मावशी म्हणतात, जिन्यात भेटलेले शेजारी म्हणतात, गावाहून चुलत्यांचा फोन येतो तेव्हा तेही म्हणतात, ‘आता जिवाला जपा.’ त्यामागची माया खरी असते. पण जपायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे सहसा कुणी सांगत नाही. मग घरातली सगळी मिळून एकच अर्थ काढतात: हलायचं नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेली अठरा वर्षं हृदयरुग्णांना पुन्हा चालतं करण्याचं काम करते. त्यातल्या एका काकांपासून सुरुवात करते, कारण या प्रकरणात जे सांगायचं आहे ते बरंचसं त्यांच्या निमित्तानं सांगता येईल.

काकांनी उभी हयात एसटीचं स्टिअरिंग धरण्यात घालवली. निवृत्तीनंतर एका पहाटे त्यांच्या छातीत कळ आली, डावा हात जड झाला, दरदरून घाम फुटला. मुलानं वेळ न दवडता रुग्णालयात नेलं. बंद पडलेली धमनी अँजिओप्लास्टीनं उघडली, एक स्टेंट बसला, चौथ्या दिवशी ते घरी आले. पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते, पन्नास टक्के, चांगलंच राहिलं होतं. वेळेवर उपचार झाल्यामुळे हृदयाचं नुकसान थोडक्यात निभावलं होतं. त्यानंतरचे पाच आठवडे काका बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर होते. उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा. चमचा वाजला की काकू हातातलं काम टाकून यायच्या. आंघोळ स्टुलावर बसून, तीही मुलानं घातलेली. मोसंबीचा रस, मऊ भात, आणि भेटायला येणाऱ्यांची रांग.

सहाव्या आठवड्यात ते माझ्याकडे आले. रिक्षापासून आमच्या खोलीपर्यंत चाळीसएक पावलं असतील. भिंतीला हात लावत, मध्ये एकदा थांबत ते पोचले आणि खुर्चीत बसून धापा टाकू लागले. काकू म्हणाल्या, “बघा ना मॅडम, अजून हार्ट किती वीक आहे ह्यांचं.” मी काकांच्या मांडीवर हात ठेवून त्यांना गुडघा ताठ करायला सांगितलं. मांडीचा स्नायू हाताखाली कणकेसारखा मऊ लागत होता. पँटच्या पट्ट्याला नवं भोक पाडलेलं होतं. दम लागत होता तो हृदयामुळे कमी आणि त्या दिवाणामुळे जास्त.

काकूंना मी कधीच दोष देणार नाही. ही समजूत वैद्यकशास्त्रानंच जगाला शिकवली आहे. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१२ साली हृदयाची धमनी अचानक बंद पडल्यावर काय होतं याचं सविस्तर वर्णन केलं. असा रुग्ण जगू शकतो, हे त्यातून डॉक्टरांच्या ध्यानात आलं, आणि त्याबरोबर सक्तीच्या विश्रांतीचा सल्लाही आला. पुढे १९३९ मध्ये बोस्टनच्या मॅलरी, व्हाइट आणि साल्सेडो-साल्गार यांनी मृत्यूनंतर तपासलेल्या ७२ रुग्णांच्या हृदयांवरून दाखवलं की हृदयस्नायूची जखम भरून यायला दीड-दोन महिने लागतात. निरीक्षण अचूक होतं. त्यातून काढलेला अर्थ मात्र असा झाला की तेवढे दिवस माणसाला खाटेला खिळवून ठेवायचं. घास भरवायचा तो परिचारिकेनं, कूस बदलायची तीही दुसऱ्यानं. शौचाला उठायची परवानगी नव्हती. पायांच्या शिरांत रक्त साकळून गुठळी व्हायची, ती फुप्फुसात जाऊन अडकायची, आणि हृदयाच्या झटक्यातून वाचलेला माणूस त्यानं दगावायचा.

बोस्टनमध्येच सॅम्युअल लेव्हिन नावाचे डॉक्टर होते. आडवं पडून राहण्यानं हृदयरुग्णाचं नुकसान होतं, असं ते १९४४ पासून लिहीत होते. सपाट झोपल्यावर पायांतलं रक्त छातीकडे येतं, हृदयावर भार वाढतो. पाय खाली सोडून बसलं तर तो भार उतरतो. एवढ्या साध्या तर्कावर त्यांनी आणि त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाऊन यांनी झटका आलेल्या ८१ रुग्णांना पहिल्या काही दिवसांतच उचलून आरामखुर्चीत बसवलं. तो अहवाल १९५२ मध्ये छापून आला. लाऊन यांनी पुढे आठवणींत लिहिलं आहे की रुग्णालयातल्या शिकाऊ डॉक्टरांनी याला कडाडून विरोध केला होता, त्यांना हा रुग्णाच्या जिवाशी खेळ वाटत होता. ते डॉक्टरही आपल्या परीनं रुग्णांना जपतच होते. हेच लाऊन पुढे विजेच्या झटक्यानं हृदयाची लय पूर्ववत करणाऱ्या आधुनिक डीफिब्रिलेटरचे जनक झाले आणि त्यांनी सहसंस्थापक म्हणून उभ्या केलेल्या डॉक्टरांच्या संघटनेला १९८५ चं शांततेचं नोबेल मिळालं. मला मात्र त्यांचं सगळ्यांत मोठं काम ती खुर्चीच वाटते.

त्या ७२ हृदयांच्या अभ्यासातले पॉल डडली व्हाइट हे नाव लक्षात ठेवा. १९५५ च्या सप्टेंबरात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना डेन्व्हरला झटका आला, तेव्हा सल्ल्याला बोलावलं गेलं ते याच व्हाइट यांना. ते स्वतः सायकलचे भोक्ते. राष्ट्राध्यक्ष सात आठवडे रुग्णालयात होते, पण त्या काळातच त्यांना खुर्चीत बसवलं गेलं, चालवलं गेलं, जिन्याचा सराव दिला गेला. पुढच्या वर्षी ते पुन्हा निवडून आले आणि गोल्फही खेळत राहिले. हे सारं रोज वर्तमानपत्रांत येत होतं. झटक्यानंतर माणूस कामावर परततो, हे सामान्य माणसाला शास्त्रीय अहवालांपेक्षा त्या बातम्यांनी अधिक पटवलं.

विश्रांती शरीराचं काय करते, याचा सगळ्यांत बोलका पुरावा १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसमध्ये मिळाला. विशीतली पाच निरोगी मुलं. त्यांना तीन आठवडे खाटेवर ठेवलं. उठली तेव्हा जास्तीत जास्त श्रमात प्राणवायू वापरण्याची त्यांची क्षमता पावपटीहून अधिक घटली होती. मग दोनेक महिने कसून व्यायाम करवून घेतल्यावर ती परत आली, काहींची वाढलीही. गोष्ट इथे संपत नाही. तीस वर्षांनी, पन्नाशीत पोचलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयानं जेवढी क्षमता खाल्ली होती, त्यापेक्षा जास्त त्या तीन आठवड्यांच्या खाटेनं खाल्ली होती. हे मी काकांना आणि काकूंना सांगितलं तेव्हा दोघं एकमेकांकडे बघत राहिले. पाच आठवडे, आणि तेही साठी उलटल्यावर.

पहिल्या भेटीत मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारते: तुम्हाला पुन्हा काय करायचंय? कुणाला नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायचं असतं, कुणाला दुकानात उभं राहायचं असतं. काका जरा घुटमळले. मग काकूच बोलल्या. हे आयसीयूत असताना त्यांनी खंडोबाला बोलून ठेवलं होतं की बरे झाले की दोघं जेजुरीचा गड चढून दर्शनाला येऊ. “पण आता गड कसला, मॅडम. खालूनच हात जोडू.” मी कागदावर लिहिलं: जेजुरीचा गड, पायी.

हृदय पुनर्वसन म्हणजे काय, तर झटका, अँजिओप्लास्टी, बायपास किंवा झडपेची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला त्याच्या नेहमीच्या आयुष्यात परत नेण्याचं शिस्तीचं काम. त्यात मोजून दिलेला व्यायाम असतो, औषधांची आणि आहाराची समज असते, तंबाखू सोडवणं असतं, आणि मनाला धीर देणं असतं. ते रुग्णालयात खाटेवरच सुरू होतं, घरी आल्यावर दोन-तीन महिने देखरेखीखाली चालतं आणि मग जन्मभर स्वतःच्या जबाबदारीवर. मधला टप्पा सगळ्यांत मोलाचा, आणि आपल्याकडे गाळला जातो तोही हाच.

लोक मला विचारतात, ब्लॉक तर काढला, मग आणखी कशाला? स्टेंट बसतो तो दोन-तीन सेंटिमीटरच्या जागेत. झटका आला तेव्हा ती जागा उघडणं हाच जीव वाचवण्याचा मार्ग होता, त्याला पर्याय नाही. पण ज्या आजारानं ती जागा बंद पडली तो सगळ्या धमन्यांच्या अस्तरात कमीअधिक असतोच. स्टेंट त्या आजाराला हात लावत नाही. नियमित चालण्यानं रक्ताचा प्रवाह वाढतो, त्या प्रवाहाच्या घासण्यानं अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड अधिक तयार होतो आणि धमनी सैलावायला शिकते. त्याहून मोठा फायदा पायांकडून येतो. तयार झालेला स्नायू तेवढ्याच रक्तातून जास्त प्राणवायू खेचून घेतो, त्यामुळे तेच काम करायला हृदयाला कमी ठोके टाकावे लागतात. समजा, एक मजला चढताना नाडी १२० ला जात होती, ती तीन महिन्यांनी १०५ लाच थांबली, तर रोजच्या प्रत्येक जिन्यावर हृदयाचे तेवढे कष्ट वाचले. पाय हृदयाला असे हातभार लावतात.

जर्मनीत लाइपत्सिगला २००४ मध्ये एक धाडसी तुलना प्रसिद्ध झाली. हृदयाच्या धमनीत अडथळा असलेले, पण प्रकृती स्थिर असलेले १०१ पुरुष. निम्म्यांची अँजिओप्लास्टी केली, निम्म्यांना रोज वीस मिनिटं सायकल दिली. वर्षभरात कोणतीही मोठी घटना न घडता राहिलेल्यांचं प्रमाण सायकलवाल्यांत ८८ टक्के निघालं आणि अँजिओप्लास्टीवाल्यांत ७० टक्के. हा आकडा झटका आलेल्या माणसाला लागू करायचा नाही, हे मी ठासून सांगते. झटक्याच्या वेळी सायकल नसते, रुग्णवाहिका असते. पण व्यायाम हा ‘जमला तर बरा’ असा किरकोळ उपचार नव्हे, एवढं त्यातून कळावं.

आता आमची खोली बघू. बाहेरच्या लांब व्हरांड्यात तीस मीटर अंतरावर जमिनीला पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. रुग्णानं सहा मिनिटांत या टोकापासून त्या टोकापर्यंत जमतील तेवढ्या फेऱ्या मारायच्या. पळायचं नाही. दम लागला तर भिंतीला टेकायचं, घड्याळ चालूच राहतं. काकांनी पहिल्या दिवशी २५० मीटर केले. दोनदा टेकले. संपल्यावर मी विचारलं, “किती?” आणि भिंतीवरचा तक्ता दाखवला.

हा तक्ता स्वीडनच्या गुन्नार बोर्ग या मानसशास्त्रज्ञाचा. त्यात आकडे सहापासून वीसपर्यंत. सहा म्हणजे काहीच श्रम नाहीत, अकरा म्हणजे हलकं, तेरा म्हणजे थोडं जड, सतरा म्हणजे फार जड, वीस म्हणजे आता प्राण जातो की काय. सहापासून सुरुवात करण्यामागे युक्ती आहे. निरोगी तरुणाच्या बाबतीत त्या आकड्यावर शून्य दिलं की साधारण त्याची नाडी मिळते, साठपासून दोनशेपर्यंत. आमच्या रुग्णांना ही पट्टी फार उपयोगी पडते, कारण बहुतेकांना बीटा-ब्लॉकर गटाची गोळी चालू असते. ती गोळी नाडीला लगाम घालते, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळात नाडी कमीच दिसते आणि माणूस फसतो. शरीर काय सांगतंय ते ऐकून आकडा बोलायला शिकणं जास्त भरवशाचं. अकरा ते तेरा ही आपली जागा. चालताना शेजारच्याशी सलग वाक्य बोलता आलं पाहिजे. गाणं म्हणता येत असेल तर वेग वाढवायला हरकत नाही, आणि दोन शब्दांमागे श्वास घ्यावा लागत असेल तर कमी करायचा.

काका त्या दिवशी म्हणाले, “सतरा.”

मग मात्रा ठरली, गोळीची ठरावी तशी. पाच मिनिटं अगदी सावकाश, मग पाच मिनिटं अकराच्या आसपास, मग पाच मिनिटं पुन्हा सावकाश. दिवसातून दोनदा. दर आठवड्याला मधली मिनिटं थोडी वाढवायची. शेवटची सावकाश मिनिटं लोक गाळतात, तिथे मी कडक होते. जोरात चालून एकदम थांबलं की पायांतलं रक्त पायांतच राहतं, रक्तदाब उतरतो, भोवळ येते. एकदा आमच्याकडे एक गृहस्थ ट्रेडमिलवरून उतरून लगेच फोन घ्यायला वळले आणि तिथेच खाली बसले. मला वेळेवर हात देता आला, पण तो क्षण अजून अंगावर येतो. तेव्हापासून मशीन मीच बंद करते.

भीती वाटणं साहजिक आहे, म्हणून धोक्याचा आकडाही सांगते. अमेरिकेतल्या १६७ केंद्रांची पाहणी १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे देखरेखीखालच्या व्यायामात हृदय थांबण्याची घटना सुमारे १ लाख १२ हजार रुग्ण-तासांमागे एक होती, आणि अशा बहुतेकांना तिथल्या तिथे वाचवता आलं.

एसटीतल्या माणसाला मी एक गोष्ट मुद्दाम सांगितली. लंडनमध्ये १९५३ साली जेरी मॉरिस यांनी डबलडेकर बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली होती. बस तीच, रस्ता तोच. दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त व्हायचा, आणि रोज जिन्याच्या शेकडो पायऱ्या चढणाऱ्या कंडक्टरांना कमी. काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी आपल्याबरोबर वर्षानुवर्षं ड्युटी केलेल्या दोन कंडक्टरांची नावं घेतली आणि म्हणाले, “दोघंही अजून ठणठणीत आहेत.” दोन माणसांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, पण त्या दिवसानंतर काकांना चालायला सांगावं लागलं नाही.

बायपासची वाट थोडी वेगळी असते. तिथे हृदयाआधी छातीचं हाड भरून यावं लागतं. शस्त्रक्रियेत ते मधोमध कापून तारेनं पुन्हा बांधलेलं असतं, आणि ते जुळायला दोन ते तीन महिने लागतात. तोवर दोन्ही हातांनी जोर देऊन उठायचं नाही, जड उचलायचं नाही, खोकला आला की उशी छातीशी घट्ट कवटाळायची. तीन रंगीत गोळ्यांचं ते फुंकणी-यंत्र घरी आल्यावर फडताळात जातं, ते जाऊ देऊ नका. त्यात श्वास आत ओढायचा असतो, बाहेर फुंकायचा नसतो.

एका मावशींची आठवण इथे सांगायलाच हवी. बायपास होऊन पाच आठवडे झाले होते. चालणं उत्तम, रक्तदाब उत्तम. पण छातीत ‘कट्’ असं होतं म्हणाल्या. खोदून विचारलं तेव्हा कळलं, डाळीचा डबा वरच्या फळीवर होता. घरात कुणाला सांगायचं म्हणून स्वतःच टाचा उंचावून, दोन्ही हात वर करून काढला होता. कणीकही मळायला लागल्या होत्या. सुदैवानं हाड जागेवर होतं. त्यांच्या सुनेला बोलावून आम्ही तिथल्या तिथे एक यादी केली: कोणते डबे ओट्यावर येतील, कुकर कोण उचलेल, कणीक कोण मळेल आणि किती तारखेपर्यंत.

बायकांना पुनर्वसनाला कमी पाठवलं जातं आणि पाठवलं तरी त्या मध्येच सोडतात. हे जगभर दिसून आलं आहे, माझ्या व्हरांड्यात तर रोजच दिसतं. ‘घरचं काम हाच व्यायाम की,’ असं नवरेही म्हणतात आणि त्या स्वतःही म्हणतात. मला हे वाक्य मनापासून खुपतं. घरकाम तुटक असतं. वाकणं, उचलणं, एकदम धावणं. त्यात हृदयाला सलग वीस मिनिटं एका लयीत काम मिळत नाही, आणि हाडाला मात्र नको तेवढे हिसके बसतात. बाईला चालायला बाहेर पडायचं तर तिची ती वीस मिनिटं घरानं मोकळी करून द्यावी लागतात. मी आता नवऱ्याला किंवा मुलालाच शेजारी बसवून ती वेळ लिहून घेते.

मनाबद्दल कुणी आपणहून बोलत नाही. झटक्यानंतर साधारण पाचातल्या एकाला खरंखुरं नैराश्य येतं. झोप उडते, जेवण जात नाही, बारीकसारीक गोष्टीवर डोळे भरून येतात, आणि ज्यानं आयुष्यात कधी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही त्या माणसाला त्याची लाज वाटते. घरचे म्हणतात, स्वभाव बदलला. औषधं घेण्याचा कंटाळा, चालण्याचा कंटाळा, इथून ते सुरू होतं, त्यामुळे याचा हृदयावरही थेट परिणाम होतो. डॉक्टरांना सांगितलं तर याला उपचार आहेत. छातीत जरा कुठे दुखलं की धस्स होणं, रात्री हात छातीवर ठेवून ठोके मोजत जागणं, हेही जवळपास सगळ्यांचं होतं. दहा-बारा जण एकत्र व्यायाम करतात तेव्हा हे आपोआप बाहेर येतं. “तुम्हालाही होतं का तसं?” एवढं वाक्य एका रुग्णानं दुसऱ्याला विचारलेलं मी कितीदा तरी ऐकलं आहे, आणि त्यानंतर दोघांचे खांदे सैल पडलेले पाहिले आहेत.

तसाच न विचारलेला दुसरा प्रश्न नवराबायकोच्या संबंधांचा. बहुतेक जोडपी तो विषय बंद करून टाकतात आणि वेगळ्या खोलीत झोपायला लागतात. या श्रमाला लागणारी ताकद साधारण दोन मजले बेतानं चढण्याइतकी असते. तेवढं चढताना छातीत दुखत नसेल, दम कोंडत नसेल, तर डॉक्टरांना विचारून पूर्वीसारखं राहायला हरकत नसते. बायपासनंतर हाड जुळेपर्यंत छातीवर भार येऊ द्यायचा नाही. एक गोष्ट मात्र जिवावर बेतू शकते: सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट गोळी आणि लैंगिक ताकदीसाठी घेतली जाणारी सिल्डेनाफिलसारखी गोळी एकत्र. रक्तदाब धोकादायक खाली जातो. औषधाच्या दुकानातून परस्पर काही आणू नका.

आहारावर स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थोडंच. दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाणही आलं. ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी हे आपलं जुनं ताट हृदयाला मानवणारंच आहे. तंबाखू मात्र पूर्ण बंद. झटक्यानंतर धूम्रपान सोडणाऱ्याचा मृत्यूचा धोका तिसऱ्या हिश्श्यानं घटतो, एवढा फायदा फार थोड्या औषधांचा आहे. बायकांना मी मिश्रीबद्दल वेगळं विचारते, कारण ‘तंबाखू खाता का’ला त्या मनापासून ‘नाही’ म्हणतात. आणि स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दात काढायचा म्हणून, उपास म्हणून, बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनानं एक दिवसही थांबवायच्या नाहीत. स्टेंट त्यानं बंद पडू शकतो.

या साऱ्याचा उपयोग किती? २०१६ मध्ये ६३ चाचण्या आणि १४,४८६ रुग्ण एकत्र करून हिशेब मांडला गेला. हृदयविकारानं होणारे मृत्यू १०.४ टक्क्यांवरून ७.६ टक्क्यांवर आले होते, पुन्हा रुग्णालयात भरती व्हावं लागणारे ३०.७ वरून २६.१ टक्क्यांवर. सर्व कारणांचे मिळून मृत्यू घटल्याचं त्यात दिसलं नाही, हेही तितकंच खरं. तरी एवढ्या स्वस्त उपचारासाठी हा परिणाम मोठा आहे. असं असूनही जगातल्या २०३ देशांपैकी १११ देशांतच हृदय पुनर्वसन मिळतं, आणि आपल्याकडे ते मोठ्या शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांपुरतंच. तालुक्याच्या गावी अँजिओप्लास्टीचा फलक दिसू लागला आहे, पुनर्वसनाचा दिसत नाही.

म्हणूनच भारतात झालेला ‘योग-केअर’ हा अभ्यास मला जवळचा वाटतो. देशातल्या २४ रुग्णालयांतून झटका आलेले ३,९५९ रुग्ण त्यात होते. निम्म्यांना नेहमीचा सल्ला, निम्म्यांना बारा आठवड्यांत तेरा वेळा योगवर्ग आणि घरी सराव: सोपी आसनं, प्राणायाम, ध्यान, आणि आजाराबद्दल मोकळी चर्चा. मृत्यू किंवा पुन्हा झटका यांसारख्या घटना योगाच्या गटात १३१ आणि दुसऱ्या गटात १४६ घडल्या. एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो, त्यामुळे योगानं झटका टळतो असं त्यावरून म्हणता येत नाही. पण योगाच्या गटातल्या लोकांना आपली तब्येत अधिक चांगली वाटत होती आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले होते. एक चटई आणि एक शिकवणारा माणूस यांत हे होऊ शकतं. ट्रेडमिल नसलेल्या गावाला हे सांगण्यासारखं आहे.

जवळ केंद्र नसेल तर निदान एवढं करा. घरी सोडताना डॉक्टरांना विचारा: पंपिंग किती आहे, आणखी कुठे अडथळा राहिला आहे का, मी आजपासून किती चालू? उत्तर मिनिटांत मागा. ‘थोडंफार चाला’ हे उत्तर झालं नाही. सुरुवात सपाट रस्त्यावर, जेवणानंतर किमान तासानं, कडक ऊन आणि कडाक्याची थंडी टाळून. पाय सुजले, दोन-तीन दिवसांत वजन एकदम दोन किलोनं वाढलं, किंवा रात्री झोपेतून दम लागून उठावं लागलं, तर चालणं थांबवून डॉक्टरांना गाठा. छातीत भरून आलं तर असाल तिथे बसा आणि डॉक्टरांनी दिलेली सॉर्बिट्रेटसारखी गोळी जिभेखाली ठेवा. उभ्यानं ठेवू नका, भोवळ येते. पाच मिनिटांत कमी झालं नाही तर १०८ ला फोन. त्या वेळी ‘बघू थोडं’ म्हणायचं नाही, आणि स्कूटरवर मागे बसून तर मुळीच निघायचं नाही.

काका बारा आठवडे आले. पाऊस असला की छत्री घेऊन येत. सहाव्या आठवड्यानंतर रिक्षा सुटली. पेला आणि चमचा परत मांडणीत गेले. जिन्याचा सराव आम्ही रुग्णालयाच्याच जिन्यावर केला: आधी एक मजला, मग दोन, प्रत्येक मजल्यावर थांबून आकडा सांगायचा. शेवटच्या दिवशी व्हरांड्यात त्यांनी सहा मिनिटांत ३९५ मीटर केले, न टेकता. डॉक्टरांनी स्ट्रेस टेस्ट घेतली आणि गडाला हरकत नाही म्हणाले. मी अटी घातल्या: यात्रेच्या गर्दीत नको, साधा वार बघा, सकाळी लवकर, पोटभर खाऊन नाही, गोळी खिशात, आणि मध्येमध्ये दीपमाळेपाशी थांबायचं.

माघातल्या एका मंगळवारी साडेआठच्या सुमारास काकूंचा फोन आला. आवाजात धाप होती, माझ्या पोटात गोळा आला.

“मॅडम, अर्ध्यावर आलोय. बसलोय पायरीवर.”

“काकांना द्या फोन. काका, किती?”

“तेरा, मॅडम.” स्वर शांत होता, वाक्य न तुटता आलं. “मी ठीक आहे. हिलाच दम लागलाय. हिचा आकडा सतरा तरी असेल.”

मागे कुणीतरी येळकोट येळकोट म्हणत वर चाललं होतं.

“पाच मिनिटं बसा,” मी म्हटलं, “आणि परत आलात की काकूंनाही घेऊन या व्हरांड्यात.”